चूक झाल्यावर खेळ काय करतो, ते आधी बघा

एका आईचा प्रश्न असा आहे: मुलगी साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. फोनवर 'शैक्षणिक' म्हणून घेतलेले चार-पाच खेळ ती रोज खेळते, चांदण्या मिळवते, पण त्यातून नक्की काय शिकते ते कळत नाही. घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर तिच्यासाठी कोणते खेळ घ्यावेत, मराठीत काही चांगलं आहे का, आणि किती वेळ बसू द्यावं? अडीच वर्षांचा धाकटाही मागे लागतो, त्याचं काय करायचं?

मी बावीस वर्षं बालवाडी ते चौथीच्या मुलांबरोबर शाळेच्या संगणक खोलीत काम करते आहे. खेळांची नावं पुढे देतेच, पण नावांची यादी वर्षभरात शिळी होते. खेळ पारखायचा कसा हे एकदा हाताला बसलं की कुणाच्या यादीची गरज उरत नाही. म्हणून आधी पारख सांगते.

माझ्याकडे पहिलीत एक मुलगा होता. बेरजेचा एक खेळ तो फार आवडीने खेळायचा. वर ३ + ४ असं यायचं, खाली चार फुगे, प्रत्येकावर एक संख्या. बरोबर फुगा फोडला की टाळ्या आणि चांदणी. चुकीचा फोडला की 'टुंग' असा आवाज आणि पुन्हा संधी. दोन आठवड्यांत त्याने शंभरावर चांदण्या जमवल्या. एक दिवस मी त्याच्या मागे उभी राहून फक्त त्याच्या हाताकडे बघत राहिले. तो वरची बेरीज वाचतच नव्हता. डावीकडून उजवीकडे एकेक फुगा फोडत जायचा; फार तर चौथ्या फटक्याला चांदणी ठरलेली. पाटीवर तीच बेरीज दिली, तर त्याने शांतपणे चिंचोके घेतले आणि मोजायला बसला. त्याच्या वयाला तेच योग्य होतं. म्हणजे बेरीज तो चिंचोक्यांवर शिकत होता, आणि खेळात त्याला बेरजेची गरजच पडत नव्हती. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. खेळाने जेवढं मागितलं तेवढं त्याने सर्वांत कमी कष्टात दिलं.

त्या दिवसापासून मी कुठलाही खेळ एकाच प्रश्नावर पारखते: मूल चुकलं की हा खेळ काय करतो? नुसता आवाज काढतो आणि पुढची संधी देतो, की चुकीचा परिणाम मुलाच्या डोळ्यांसमोर घडवतो?

हा विचार माझा नाही, संगणकाच्या फार आधीचा आहे. माँटेसरी पद्धतीतली दट्ट्यांची पेटी तुम्ही बालवाडीत पाहिली असेल. लाकडाच्या ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्टे. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्टा उरतो आणि तो कुठेच बसत नाही. बाईंनी 'चूक' म्हणायची गरजच पडत नाही. पेटीच सांगते, आणि मूल मागे जाऊन आपली चूक शोधतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालवली, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या असं भोवतालचंच साहित्य वापरलं. साधन स्वस्त झालं, पण मुलाने हाताळून, आपणच बघून शिकायचं हे तत्त्व कायम राहिलं. अमेरिकेत १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली, त्यातही हेच दिसतं. मुलाने पडद्यावरच्या कासवाला 'पुढे जा', 'वळ' अशा सूचना द्यायच्या आणि कासवाने रेघ ओढत जायचं. चौकोन काढायला गेलं आणि वेडावाकडा आकार झाला, तर तो आकारच सांगतो की वळण कुठे चुकलं. पेपर्ट आधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. चूक म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट, तिची लाज नाही, हे ते मुलांकडूनच शिकले असावेत असं मला वाटतं.

आता हीच पारख तुमच्या लॅपटॉपवर लावू. 'जी-कॉम्प्री' नावाचा एक मोफत खेळसंच आहे. फ्रान्समधल्या ब्रुनो कूद्वां यांनी तो २००० साली सुरू केला. नावाचा उच्चार फ्रेंचमधल्या 'मला समजलं' या वाक्यासारखा होतो. त्यात शंभराहून कितीतरी जास्त छोटे खेळ आहेत, आणि त्यातला तराजूचा खेळ मी दर वर्षी आवर्जून दाखवते. एका पारड्यात वजन असतं, दुसऱ्यात आपण वजनं ठेवून काटा मधोमध आणायचा. मुलीने जास्त वजन ठेवलं तर पारडं खाली जातं, कमी ठेवलं तर वर राहतं. इथे चूक केवळ 'चूक' नसते. ती कुठल्या बाजूला आहे आणि साधारण किती आहे तेही दिसतं. मग ती पाचचं वजन काढून दोनचं ठेवते. त्या काढण्या-ठेवण्यात जो विचार होतो, त्यासाठी खेळ आणायचा. दुसरा असाच खेळ कालव्याच्या दरवाजांचा आहे. नाव पलीकडे न्यायची, पण दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. पहिल्या दिवशी मुलं नुसती दरवाज्यावर टिचक्या मारतात. तिसऱ्या दिवशी एखादं मूल म्हणतं, 'आधी पाणी सोडायला पाहिजे.' हे वाक्य ऐकलं की मला त्या दिवसाचं काम झाल्यासारखं वाटतं.

तुम्ही घरी परीक्षा अशी घ्या. मुलगी झोपल्यावर दहा मिनिटं खेळ स्वतः खेळा, आणि मुद्दाम चुका. सगळे पर्याय डावीकडून उजवीकडे दाबत जा. न वाचता, न मोजता तुम्ही पुढच्या पातळीवर पोचलात तर तीही पोचणार, आणि तो खेळ काढून टाका. मग एकाच जागी सलग तीन वेळा चुका. चांगला खेळ काहीतरी बदलतो: प्रश्न सोपा करतो, वस्तू एकेक करून मोजून दाखवतो, नाहीतर निदान चुकीचं उत्तर समोरून न हलवता तिथेच ठेवतो, म्हणजे मुलाला त्याच्याकडे बघता येतं. नंतर काहीच न करता मिनिटभर थांबा. लगेच 'चला, लवकर!' म्हणून ओरडणारा, घड्याळ पळवणारा खेळ पाच-सहा वर्षांच्या मुलाला नको. या वयात विचाराला वेळ लागतो आणि तो वेळ खेळाने द्यायला हवा. टाळ्या, फटाके, नाचणारे प्राणी किती सेकंद चालतात तेही मोजा. काही खेळांत एका बेरजेमागे बेरजेपेक्षा जास्त वेळ उत्सवच चालतो, आणि मूल त्या उत्सवासाठीच खेळतं. शेवटी नेट बंद करून खेळ उघडा. चालला तर उत्तम. अडला, तर त्याचं पोट कशावर चालतं याचा अंदाज येतो.

ते पोट बहुतेकदा जाहिरातींवर चालतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठीची १३५ ॲप तपासली, त्यातल्या ९५ टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात होती. जाहिरात म्हणजे फक्त मध्येच येणारी चित्रफीत नव्हे. कुलूप लावलेला सुंदर ड्रेस, 'आईला सांग, हे विकत घे' म्हणून रडवेलं तोंड करणारं अस्वल, हीसुद्धा जाहिरातच. साडेपाच वर्षांच्या मुलीला खेळ कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली हे कळत नाही. तिच्या हाती देण्याआधी फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावलाच पाहिजे. आणि ॲपच्या दुकानात '३+' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की त्यात हिंसा, शिव्या, भीतीदायक असं काही नाही. तीन वर्षांच्या मुलाला ते जमेल किंवा त्यातून ते शिकेल, असं तो आकडा सांगत नाही. पालकसभेत हा गैरसमज मला दर वर्षी भेटतो.

आता मराठीबद्दल. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण अडचण नेमकी इथे येते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. 'मराठी' म्हणून मिळणारे बरेच खेळ मुळात इंग्रजी किंवा हिंदी असतात आणि वरून भाषांतर केलेलं असतं. अक्षरांचा खेळ घेतलात तर पहिल्यांदा ल आणि श बघा. मराठीत आपण ज्या वळणाचे ल आणि श लिहितो ते हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि बालभारतीच्या पुस्तकात मुलीला मराठी वळणच दिसणार आहे. मग ळ आहे का ते बघा. हिंदी मुळाक्षरांवरून केलेल्या खेळात हा हमखास गळतो, आणि ळ नसेल तर बाळ, फळा, कावळा लिहायचं कसं? आवाज चालू करून ऋषी आणि ज्ञानेश्वर हे शब्द ऐका. 'रिशी' आणि 'ग्यानेश्वर' ऐकू आलं तर तो खेळ आपल्या मुलांसाठी केलेला नाही. याहून बारीक गोष्ट च, ज, झ यांची. चमच्याचा च आणि चिमणीचा च आपण वेगळे उच्चारतो. जाळ्याचा ज आणि जिभेचा ज वेगळा. अक्षर एक, आवाज दोन. मुलगी चिमणीचा च ऐकून चमच्याचं चित्र निवडत नसेल, तर तिचे कान चांगले आहेत, आणि खेळ मात्र 'टुंग' वाजवतो.

अंकांत तर हे फारच स्पष्ट दिसतं. मराठीत त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ. लिहिताना आधी ६ लिहायचा. म्हणून दुसरीतली मुलं ६३ च्या जागी ३६ लिहितात. त्याहून अवघड एकोणतीस. त्यात 'तीस' ऐकू येतं, म्हणून मूल विश्वासाने ३९ लिहितं. मुलाने ऐकण्यात काहीच चूक केलेली नाही; 'एकोण' म्हणजे एकाने कमी, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वीसच्या पुढे ही अडचण येतच नाही, त्यामुळे इंग्रजीतून आणलेल्या खेळाला ही चूक ओळखता येत नाही. त्याच्या लेखी ३९ आणि ८४ सारखेच चुकीचे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांचं म्हणणं मुलांच्या याच अडचणीवर बोट ठेवणारं होतं. तुम्ही कुठल्याही बाजूच्या असा, मुलीच्या शेजारी बसून 'एकोणतीस, म्हणजे तीसला एक कमी' हे वाक्य तुम्हालाच म्हणायचं आहे. माझा सल्ला असा की अंकांच्या खेळात आवाज बंद ठेवा आणि संख्या तुम्ही वाचा. तुमचा आवाज कुठल्याही ध्वनिफितीपेक्षा चांगली मराठी बोलतो, आणि मूल का अडलं ते तुम्हाला दिसतं.

अक्षर गिरवण्याचे खेळ मी शक्यतो घेत नाही. काचेवर बोट फिरवताना पेन्सिलीची पकड येत नाही, आणि बरेच खेळ बोट कुठूनही फिरलं तरी रंग भरून घेतात; रेघ खालून वर गेली हे मुलीला कळतच नाही. ताटात रवा पसरून द्या. चुकलं तर हाताने सारखं करून पुन्हा.

लॅपटॉपवर सुरुवात कशाने करावी, तर माझ्या मते चित्रकलेने. 'टक्स पेंट' हा बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये मुलांसाठी सुरू केलेला मोफत कार्यक्रम आहे. त्यात जाहिरात नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. मोठी बटणं, ठसे, जादूचे कुंचले, आणि चित्र जपून ठेवताना फाईलला नाव द्यायची सक्ती नाही, त्यामुळे लिहिता न येणारं मूलही आपलं चित्र आपण ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी शोधून काढतं. माउस धरणं, ओढणं, सोडणं हे सगळं इथे आपोआप होतं. घराचं छप्पर भिंतीच्या बाजूला पडलं, तर तिलाच दिसतं आणि तीच ते पुसते. पहिला महिना एवढंच पुरे. मग जी-कॉम्प्री बसवा. आवाज आणि चित्रांच्या काही फाईली तो नेटवरून घेतो, तेवढं एकदा झालं की नेट लागत नाही. त्यातल्या प्रत्येक खेळावर काठिण्याच्या चांदण्या असतात: साध्या चांदण्यांचे खेळ दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, नक्षीदार चांदण्यांचे त्यापुढच्या मुलांसाठी. सेटिंगमध्ये जाऊन वरच्या चांदण्यांचे खेळ लपवा, नाहीतर एवढ्या खेळांच्या गर्दीत ती नुसती एकातून दुसऱ्यात उड्या मारत राहील. मी एका आठवड्याला तीनच खेळ निवडते. माउस फिरवून चित्रावरचे ठोकळे पुसायचा एक, मोजणीचा एक, आणि तिसरा विचाराचा, म्हणजे तराजू, टँग्रॅम (सात तुकडे जुळवून आकार करायचा) किंवा आगगाडीचे डबे आठवून पुन्हा जोडायचा. टॅबलेट घरात असेल तर वर्षभराने 'स्क्रॅच ज्युनिअर' बघा. २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तो निघाला. त्यातल्या सूचना शब्दांत नाहीत, चित्रांत आहेत, आणि त्या जोडून चालवलेलं मांजर भलतीकडेच गेलं की मूल स्वतःच आपल्या सूचना तपासतं.

लॅपटॉपवर मुलीसाठी वेगळं खातं उघडा, त्यात हेच दोन कार्यक्रम समोर ठेवा. टचपॅड या वयात त्रासदायक, म्हणून छोटा माउस घ्या, बाण मोठा करा आणि त्याचा वेग कमी करा. मुलं 'मला येत नाही' म्हणून उठतात, त्यात निम्म्या वेळा अडचण बेरजेची नसते, पळणाऱ्या बाणाची असते. पायाखाली पाट ठेवा, लोंबकळत्या पायांनी मूल दहा मिनिटांत वाकतं. ती डावखुरी असेल तर माउस डाव्या बाजूला द्या.

वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर चांगलं, असं सांगितलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या शिफारशीत दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत मोठ्यांच्या देखरेखीखाली कमाल एक तास, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी असं आहे. हे आकडे टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळं मिळून आहेत, हे विसरू नका. संध्याकाळी आजीबरोबर मालिका बघितली असेल तर तीही त्यात धरायची. शिकण्याच्या खेळासाठी मी आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं एवढंच सुचवते. थांबायचं मिनिटांवर न ठरवता 'हा तराजू जुळला की बंद' असं आधी ठरवा. अर्ध्यात तोडलं की रडारड होते, आणि ते साहजिक आहे.

त्या वीस मिनिटांत तुम्ही शेजारी असणं मला खेळाच्या निवडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. उत्तर सांगू नका, 'शाब्बास' सुद्धा जपून म्हणा. 'आता काय झालं?' 'कुठलं पारडं खाली गेलं?' 'मग काय करून बघशील?' एवढे तीन प्रश्न पुरतात. शेजारची एखादी मैत्रीण असेल तर फारच छान. आमच्या खोलीत एका संगणकावर दोन मुलं बसतात: एकाच्या हाती माउस, दुसऱ्याने फक्त बोलायचं, आणि पाच मिनिटांनी अदलाबदल. बोलणाऱ्याला आपला विचार शब्दांत मांडावा लागतो आणि माउसवाल्याला ऐकावं लागतं. दिल्लीत कालकाजीला १९९९ मध्ये संशोधक सुगत मित्र यांनी मुलं आपली आपण काय शिकतात ते बघायला भिंतीत संगणक बसवला, तेव्हाही मुलं एकेकटी नाही, घोळक्याने शिकत होती. तो प्रयोग किती यशस्वी झाला याबद्दल मतभेद आहेत, पण घोळक्यातल्या त्या बोलण्याचं मोल मला रोज दिसतं.

पडद्यावरचा खेळ झाला की तीच गोष्ट एकदा हातात द्या. तराजूच्या खेळानंतर कपड्याच्या हँगरला दोन्हीकडे पिशव्या बांधून त्यात चिंचोके आणि बटाटे टाकायला सांगा. तिथे तिला कळेल की एका बटाट्याला किती चिंचोके लागतात, आणि ते पडद्यावर कळत नाही.

फोनवरच्या जुन्या खेळांचं एकदम काही करू नका. एकेक तपासा, जो परीक्षेत नापास होईल तो आठवड्याला एक असा काढा, आणि काढताना तिला कारण सांगा: 'यात तुला विचार करावाच लागत नाही.' साडेपाच वर्षांच्या मुलीला हे कळतं.

धाकट्याला संगणकाचा कुठलाही खेळ मी देणार नाही. ताई खेळत असेल तर तिच्या शेजारी जमिनीवर त्याला वेगवेगळ्या मापांचे पाच-सहा स्टीलचे डबे द्या, झाकणं काढून सगळी एकत्र ठेवा, आणि दुसरं काही सांगू नका. चुकीचं झाकण बसत नाही. तो दुसरं उचलेल.